वाट पाहण्याचें दुखणें

चिता मेलेल्यास जाळते व चिंता जित्यास, हें वचन महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. रोगापेक्षांही रोगाची शंका मनुष्यास किती पोळते, याचा एक विश्वसनीय पुरावा एका लेखिकेनें स्वतःच लिहून ठेवला आहे.

फॅनी बर्नी ही इंग्लंडांतील नामांकित कादंबरीकर्त्री. तिचा जन्म १७५२ चा. १७९३ सालीं तिनें दार्ब्ले नांवाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं विवाह केला आणि १८०२ सालीं ती फ्रान्समध्यें गेली. दोन्ही देशांत पुन्हा युद्ध पेटल्यामुळें पुढें दहा वर्षें तिला माहेरीं परततां आलें नाहीं.

१८१० च्या ऑगस्टच्या सुमारास तिच्या स्तनांत बारीक वेदना होऊं लागली. तिनें ती मनावर घेतली नाहीं. परंतु पतीच्या आग्रहावरून द्युब्वा नांवाच्या प्रसिद्ध वैद्यास बोलावण्यांत आलें. त्यानें तपासून औषध लिहून दिलें, आणि मन शांत ठेवा, मुळींच काळजी करूं नका, असें इतक्या वेळां बजावलें कीं, काळजीचें कांहीं मोठेंच कारण असावें हें तिनें ताडलें. वैद्य गेल्यावरही पति बराच वेळ आंत येईना, तेव्हां तिचें भय दुणावलें. पुढें नेपोलियनच्या सैन्यांतील विख्यात शस्त्रवैद्य बॅरन लारे याचे उपचार सुरू झाले. कांहीं काळ आशा वाटली, मग तीही मावळली. अखेर वैद्यमंडळीनें शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. दिवस मात्र सांगितला नाहीं. आतां बोलावणें येईल, मग येईल, अशा धास्तींत तिचे पुरे तीन आठवडे गेले.

सप्टेंबर १८११ च्या अखेरच्या दिवशीं सकाळीं लारेची चिठ्ठी आली. तयारीस उणेपुरे दोन तास होते. पतीला हें दृश्य पाहावें लागूं नये म्हणून तिनें त्याच्या कचेरींतील वरिष्ठास गुप्तपणें निरोप धाडून त्याला तिकडेच गुंतवून ठेवविलें आणि घरांतील व्यवस्था स्वतः लावली. इतक्यांत कळलें कीं, द्युब्वाला तीन वाजण्यापूर्वीं येतां येत नाहीं. आतां करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. दिवाणखान्यांत मांडलेल्या पट्ट्या व स्पंज पाहून ती मागें फिरली, आणि मन बधिर होईपर्यंत येरझारा घालीत राहिली. तीनचे टोले पडले व काळ्या पोषाखांतील सात पुरुष आंत आले.

ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करण्याची प्रथा १८४६ नंतरची. फॅनीला थोडें मद्य तेवढें देण्यांत आलें होतें. शस्त्रक्रिया सुमारें वीस मिनिटें चालली. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षें जगली.

ही हकीकत तिनें १८१२ सालीं आपली बहीण एस्थर हिला पत्रानें कळविली. तें पत्र पुरें होण्यास कित्येक आठवडे लागले, आणि लिहिलेलें पुन्हा वाचण्याचा धीर तिला झाला नाहीं. त्या पत्राचा बराच मोठा भाग शस्त्रक्रियेपूर्वींच्या वाट पाहण्यानें व्यापलेला आहे.

तिला खरोखर कर्करोगच होता काय, हें आज निश्चित सांगतां येत नाहीं. योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानें गांठींची सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणारी रचना वर्णिली ती १८३८ सालीं. १९०५ सालीं अमेरिकेंत लुई विल्सन यानें काढलेला तुकडा गोठवून थोड्या मिनिटांत परीक्षण करण्याची रीत बसविली. परीक्षा अशा रीतीनें पक्की झाली. तथापि तुकडा प्रयोगशाळेंत गेल्यापासून निकाल येईपर्यंतचे दिवस आजही रोग्यास जड जातात.

त्या दिवसांत आप्तांनीं व वैद्यांनीं कसें वागावें, हें फॅनीच्या हकीकतीवरून उमगतें. अर्धवट बोलण्यानें ती अधिक भ्याली, आणि हाताशीं काम होतें तोंवर तिचा धीर टिकला. म्हणून जेवढें कळलें असेल तेवढें रोग्यास सरळ सांगावें, उरलेलें केव्हां कळेल तेंही सांगावें, आणि त्याच्या हातीं कांहीं काम राहूं द्यावें.