कुसळ आणि कुंचला

कार्तिकात माळावरून चालून आलं की कपड्यांना कुसळं चिकटलेली असतात. एखादं उपटून बोटात धरून पाहा. टोक सुईसारखं, आणि त्यावर मागे वळलेले बारीक राठ केस. म्हणून ते कापडात शिरतं, पण सहजी निघत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं दाखवण्यासाठी मराठीनं नेमकं हेच निवडलं.

सुटा राठ तंतू टोचतो. तसेच शंभर एकत्र बांधले की कामाला येतात, आणि मग त्यांना नाव मिळतं कुंचा, कुंचला. मूळ शब्द संस्कृत ‘कूर्च’. प्राकृतात त्याचा ‘कुच्च’ झाला आणि ‘पक्ष’चा ‘पंख’ होताना जसा अनुस्वार शिरला, तसा इथंही शिरला. कूर्च म्हणजे जुडी, झुबका. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्यांपुढे नम्र होताना जनक राजा ज्या आसनावरून उठतो, ते कूर्च. दाढीही कूर्च. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात एका गोल बैठकीत सात-आठ सुया बसवलेलं शस्त्र येतं, तेही कूर्चच. गवत असो, केस असोत की सुया, शब्दाचं लक्ष जुडीवर आहे.

इंग्रजीतल्या ‘ब्रश’चं मूळही जुन्या फ्रेंचमधल्या काटक्या-झुडपांच्या शब्दाकडे जातं. त्यातल्या राठ केसाला म्हणतात ‘ब्रिसल’. त्याचं नातं ऋग्वेदातल्या ‘भृष्टि’शी, म्हणजे अणकुचीदार टोकाशी जोडतात. इंद्राचं वज्र ‘सहस्रभृष्टि’ आहे ते याच अर्थानं.

रंगाच्या ब्रशात डुकराचे केस का वापरतात, ते भिंगातून कळतं. प्रत्येक केसाचं टोक दोन-तीन फाट्यांत फुटलेलं असतं आणि त्या फाट्यांत रंग धरून राहतो. दात घासण्याच्या ब्रशातही हेच केस असत. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा टूथब्रश विकायला आला आणि डुकराच्या केसांची गरज कमी होत गेली.

आपल्याकडे घायपाताच्या वाखाचा कुंचा भिजवून दिवाळीआधी भिंतींना चुना देत. वारली चित्रकार बांबूची काडी चावून तिचं टोक फोडतात. बाभळीचं दातवणही चावलं की कुंचाच होतो.

आज मात्र ‘कुंचला’ फक्त चित्रकारावरच्या लेखात भेटतो. घरात, दुकानात सगळीकडे ब्रश. भिंत रंगवायला घ्याल तेव्हा हातातल्या वस्तूला एकदा कुंचला म्हणा. शब्द वापरात असला तरच टिकतो.