फोनमधलं ‘कर्नल व्हर्जन’ म्हणजे काय? जुना मोबाईल घेण्याआधी हा आकडा बघाच

मुळशी : पौडला किंवा पिरंगुटला जुना मोबाईल घ्यायला गेलेला माणूस स्क्रीनला तडा आहे का, बॅटरी किती टिकते, कॅमेरा कसा आहे, एवढं बघतो. सेटिंग्जमध्ये खोलवर ‘कर्नल व्हर्जन’ अशी एक ओळ असते, ती सहसा कोणी उघडत नाही. पण ज्या फोनवरून यूपीआय किंवा बँकेचं ॲप चालवायचं आहे, त्याच्यासाठी ही ओळ कामाची आहे.

कर्नल हा फोनच्या सॉफ्टवेअरचा गाभा. पाटकरी जसा कोणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवतो, तसा कर्नल कोणत्या ॲपला किती मेमरी द्यायची, कॅमेरा, सिम, बॅटरी कोणाला कधी वापरू द्यायची हे सांभाळतो. पाटकऱ्यालाच चकवलं तर सगळं पाणी पळवता येतं. कर्नलमध्ये फट राहिली की चोराचंही तसंच होतं.

अँड्रॉइड फोनमधला हा गाभा ‘लिनक्स’ नावाचा आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो सुरू केला आणि सर्वांना मोकळा ठेवला. वायफाय राउटर, स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, गाडीतले स्क्रीन यांतही बऱ्याचदा तोच असतो. त्याची नवी आवृत्ती साधारण दोन-अडीच महिन्यांनी येते. मग कंपनीने नेमकी कोणती घ्यायची?

एकेकाळी ज्याने त्याने हाताला लागेल ती घेतली. चिप बनवणाऱ्याने त्यात आपले बदल घातले, फोन बनवणाऱ्याने आणखी घातले. मूळ लिनक्समध्ये एखादी फट बुजवली, की ती दुरुस्ती गुगल, चिप कंपनी, फोन कंपनी असा प्रवास करून ग्राहकापर्यंत यायची. कागद चार टेबलांवरून फिरावा तसं. बऱ्याच फोनपर्यंत ती पोहोचायचीच नाही.

गावात सगळ्यांकडे एकाच बनावटीचा पंप असला तर पार्ट पिरंगुटला मिळतो. एकट्यानेच वेगळा आणला तर पुण्याला हेलपाटे. यंत्रं बनवणाऱ्यांनाही हे कळलं. २०१० मध्ये त्यांच्यातल्या काहींनी २.६.३५ ही आवृत्ती सामायिक धरली. पुढच्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनने अशा यंत्रांसाठी काही आवृत्त्या जास्त काळ सांभाळायचा उपक्रम सुरू केला. आता साधारण वर्षाकाठी एक आवृत्ती ‘दीर्घ मुदतीची’ म्हणून निवडली जाते आणि तिच्या दुरुस्त्या काही वर्षं चालू राहतात. गुगलने पुढे जाऊन अँड्रॉइड १२ पासून नियम केला : ५.१० किंवा त्यापुढचा कर्नल घेऊन बाजारात येणाऱ्या नव्या फोनमध्ये गाभा सामायिकच राहील, कंपनीने आपले बदल वेगळ्या तुकड्यांत जोडायचे.

सगळ्यात नवी आवृत्ती घेतली की झालं, असंही नाही. ती मुरलेली नसते. फार जुनी घेतली तर मुदत लवकर संपते. आपल्याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये केपीआयटीसारख्या कंपन्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. गाडी दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर असते, कर्नलची मुदत मात्र २ ते ६ वर्षांची, आणि हे गणित जुळवणं अशा धंद्यात अवघड जातं. वीज, रेल्वे यांसारख्या कामांसाठी तर २०१६ पासून एक वेगळा गट निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षं सांभाळायचं काम करतो.

आपल्या फोनचा आकडा कसा बघायचा?

सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, मग ‘अँड्रॉइड व्हर्जन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’. तिथे लांबलचक आकडा दिसेल. त्यातले पहिले दोन भाग बघायचे. इथे एक गफलत हमखास होते. ५.१० हा ५.४ पेक्षा नवा आहे. हे दशांश चिन्ह नाही. गट नंबर ५/४ नंतर ५/१० येतो, तसंच हे. आकड्यापुढे ‘अँड्रॉइड१२’ असं काही दिसलं तर ते सामायिक गाभ्याच्या शाखेचं नाव असतं, फोनवरचं अँड्रॉइड त्याहून नवं असू शकतं.

मूळ लिनक्सकडून ४.१४ ची मुदत जानेवारी २०२४ मध्ये संपली, ४.१९ ची डिसेंबर २०२४ मध्ये. ५.४ ची मुदतही डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. फोनचं अँड्रॉइड वाढलं तरी कर्नलची मुख्य आवृत्ती सहसा तीच राहते, त्यामुळे अँड्रॉइड १३ वर ४.१९ दिसला तर दचकू नये. मुदत संपल्यावरही काही कंपन्या स्वतः दुरुस्त्या देतात. म्हणून त्याच पानावरची ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख जास्त महत्त्वाची. ती दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. दीड-दोन वर्षं जुनी असेल आणि नवं अपडेट दिसत नसेल, तर विकणारा किंमत कितीही उतरवो, त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये. गाणी, व्हिडिओ, पोरांचा अभ्यास यासाठी तो चालेल.

दुकानदार ‘नवा कर्नल टाकून देतो’ म्हणाला तर नकोच म्हणावं. त्यासाठी फोनचं कुलूप तोडावं लागतं, आणि मग बँकेची ॲप अनेकदा उघडतच नाहीत.