ओबरकासेलचे पिल्लू

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एक पिल्लू डिस्टेंपरने आजारी पडले. तीन-साडेतीन महिन्यांचे असेल. अंगात ताप, डोळ्यांना चिपडे, उलट्या, जुलाब. फार आशा ठेवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. घरातल्यांनी त्याला गोणपाटावर निजवले, चमच्याने पाणी पाजले, दिवसातून चार-चार वेळा पुसून कोरडे केले. ते जगले. मोठे झाल्यावर त्याच्या सुळ्यांवर आडव्या, तपकिरी खाचा दिसू लागल्या. दात घडत असताना मोठा आजार आला की एनॅमल नीट बनत नाही आणि ती खूण जन्मभर राहते, हे पुढे वाचनात आले. त्याच वाचनातून मी जर्मनीतल्या १४ हजार वर्षांपूर्वीच्या एका पिल्लापर्यंत पोहोचलो.

१९१४च्या फेब्रुवारीत बॉनजवळ, ऱ्हाइनच्या उजव्या तीरावरील ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत मजुरांना मानवी हाडे सापडली. बॉन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहणी केली. बेसॉल्टच्या दगडांखाली एक पुरुष आणि एक तरुण स्त्री पुरलेली होती. हाडांवर तांबडा रंग होता. सोबत हाडाची कोरीव पिन आणि कोरून केलेली एका प्राण्याची आकृतीही होती. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. माक्स फेरवोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सविस्तर ग्रंथ १९१९ साली निघाला. या हाडांत एका जनावराचा जबडा होता. तो लांडग्याचा समजून बाजूला ठेवला गेला. तो कुत्र्याचा आहे हे लक्षात यायला १९७०चे दशक संपत आले. साठ वर्षे हाड डोळ्यांसमोरच होते, पण त्यावरचे नाव चुकीचे होते.

हे नाव बदलल्याने काय बिघडले? कुत्र्याच्या उगमाची आपल्या परिचयाची कथा अडचणीत आली. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंगर या दाम्पत्याने २००१च्या आपल्या पुस्तकात ती समर्थपणे मांडली आहे. माणसे गाव करून राहू लागली, उकिरडे साचले, त्यातले धीट लांडगे उकिरड्यावर जगू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलत त्यांचे कुत्रे झाले. आपल्या गावकुसाजवळची कुत्री पाहिली की ही कथा पटते. पण ओबरकासेलचे दफन सुमारे १४,२०० वर्षांपूर्वीचे आहे. पश्चिम आशियातली शेती त्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी सुरू झाली. ही माणसे शिकारी होती. शेळी, मेंढी, गाय हे सारे प्राणी माणसाकडे नंतर आले. कुत्रा त्या सर्वांच्या आधीचा.

जनुकांचा पुरावाही याच दिशेने जातो. कुत्रा एकाहून अधिक रानटी जातींपासून आला असावा, असे डार्विनला वाटत होते. आज त्याचा पूर्वज करडा लांडगाच, हे निश्चित झाले आहे. २०२० साली २७ प्राचीन कुत्र्यांची जनुके तपासण्यात आली. ११ हजार वर्षांपूर्वीच कुत्र्यांचे किमान पाच वेगळे वंश झाले होते, असे त्यातून दिसले. म्हणजे सुरुवात त्याच्याही बरीच आधीची.

ओबरकासेलची हाडे पुन्हा नीट पाहिली ती ल्यूक यान्सेन्स यांनी. ते पेशाने जनावरांचे डॉक्टर, पुरातत्त्वाकडे नंतर वळलेले. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख २०१८ साली प्रसिद्ध झाला. पिल्लू मेले तेव्हा साधारण २७-२८ आठवड्यांचे होते. त्याच्या दातांवर एनॅमलच्या दोषांच्या रेषा होत्या. १९व्या ते २३व्या आठवड्यांच्या दरम्यान ते पुनःपुन्हा गंभीर आजारी पडले होते, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. यान्सेन्स यांचे निदान डिस्टेंपरचे. कोणी ऊब दिली नसती, पाणी पाजले नसते, स्वच्छ ठेवले नसते, तर ते इतके दिवस टिकलेच नसते, असे ते म्हणतात.

या निदानावर आक्षेप घेता येतो. डिस्टेंपरचा विषाणू गेल्या काही शतकांतच अमेरिका खंडात उद्भवला, असे प्रतिपादन २०१९ साली काही संशोधकांनी केले आहे. ते खरे ठरले तर आजाराचे नाव बदलेल. पण दातांवरच्या रेषा बदलणार नाहीत. पिल्लू आजारी पडले, आजारातून काही आठवडे जगले, आणि मेल्यावर माणसांसोबत पुरले गेले, एवढे शिल्लक राहतेच.

कुत्र्याचा इतिहास आपण बहुधा उपयोगाच्या हिशेबात लिहितो: शिकारीला सोबत, रात्री राखण. हे पिल्लू दोन्ही कामांचे नव्हते. आजारी असताना तर ते नुसता भार होते. शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी तरीही तो भार वाहिला असेल, तर उपयोगाआधी, निदान उपयोगाच्या बरोबरीने, जिव्हाळाही होता असे मानावे लागते. एका पिल्लावरून साऱ्या मानवजातीबद्दल निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. पण ते एक पिल्लू वगळून लिहिलेला इतिहासही पुरा नव्हे.

मराठीत ‘पाळणे’ आणि ‘माणसाळणे’ असे दोन शब्द आहेत. पाळण्यात कर्ता माणूस असतो. माणसाळतो तो प्राणी, आणि त्यासाठी जवळ कुणीतरी माणूस बसलेला असावा लागतो. आमच्या गल्लीतले ते पिल्लू पुढे अकरा वर्षे जगले. राखण त्याने कधीच केली नाही. त्याबद्दल घरात कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.