माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की वाटेत नान्नज लागते. उन्हाळ्यात तिथला माळ पाहून नवखा माणूस सहज म्हणतो, ‘इथे काहीच नाही!’ आपल्या गवताळ प्रदेशांचा इतिहास म्हणजे या एका गैरसमजाचा इतिहास आहे.

इंग्रजी अमदानीत जमिनीची किंमत शेतसाऱ्यावरून ठरत असे. जिथून सारा येत नाही ती जमीन ‘पडीक’, असा शिक्का बसला. पावसाचा नेम नसलेल्या या पट्ट्यात मात्र पवन्या, मारवेल, कुसळी असे गवत शतकानुशतके माती धरून होते. त्यावर धनगरांची मेंढरे चरत आणि काळवीट, लांडगे, खोकड, चंडोलही जगत. याच माळाचा राजा म्हणजे माळढोक.

एके काळी हा पक्षी किती विपुल होता? १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या ब्रिटिश शिकाऱ्याने तेव्हाच्या अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या भारतात मिळून दीडशेही माळढोक उरले नसावेत. त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढ्या संथ वंशवृद्धीला बंदुकीचा मारा सोसवणार कसा?

पण बंदूक थांबली तरी माळढोक सावरला नाही, कारण त्याचा माळच हातचा जात होता. कुठे नांगर फिरला, कुठे विजेच्या तारा आल्या. कुठे तर आपण चांगल्या हेतूने झाडे लावली! उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला दाट झाडी म्हणजे आडोसा नव्हे, अडचणच.

१९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, सारेच आले. निर्बंधांनी लोक त्रासले आणि ज्या पक्ष्याचे कौतुक वाटायचे त्याचाच राग येऊ लागला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. लोकांना बाजूला ठेवून संरक्षण टिकत नाही, हा धडा आपण फार उशिरा शिकलो.

जीवावरण म्हणजे फक्त घनदाट जंगल नव्हे. वाळवंट, खाजणे आणि माळराने हीसुद्धा त्याचीच अंगे आहेत. गवताची मुळे माती धरतात, पाणी मुरवतात आणि कार्बन जमिनीत साठवतात. हे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते सातबाऱ्यावर चढत नाही.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात रोप लावायला निघाल, तेव्हा आधी जमिनीकडे नीट पाहा. तिथे आधीच कुणी नांदत असेल, तर तिथे रोप न लावणे हीच तिची सेवा.