तळटीप १४ : उणे सत्तरची पेटी

१४. उणे सत्तरची पेटी : कोरडा बर्फ भरलेली लसवाहक पेटी. फायझर-बायोएनटेकची करोना लस सुरुवातीला (डिसेंबर २०२०) सुमारे उणे ७० अंश सेल्सिअसला ठेवावी लागे, त्यावरून हे नाव. मॉडर्नाच्या लसीला उणे २० अंश पुरत. ‘उन्हात चरबीचे थेंब वितळतात’ हे लेखकाचे म्हणणे मात्र ढोबळ आहे. लसीतले लिपिड नॅनोकण सुमारे १०० नॅनोमीटरचे असतात. त्यांच्या चार घटकांपैकी एक कोलेस्टेरॉल. उष्णतेने हे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात खरे, पण मोठे नुकसान होते ते आतल्या एमआरएनएचे. पाण्यामुळे त्याची लांबलचक साखळी तुटत जाते. कडाक्याच्या थंडीत ही क्रिया जवळपास थांबते. गोठताना कण फुटू नयेत म्हणून द्रावणात साखर (सुक्रोज) घालतात. याच जातीच्या कणांतून दिले जाणारे पॅटिसिरान हे औषध (अमेरिकेत मान्यता २०१८) साध्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर टिकते, किंबहुना ते गोठवायचेच नसते; त्यातला आरएनए आखूड व दुपदरी असतो. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस (२०२२) कोरड्या भुकटीच्या रूपात असल्याने तिलाही फ्रिज पुरतो.