पितळ, कल्हई आणि लेकराचं दूध

 

बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पितळेची भांडी पुन्हा घ्यावीत का? मोबाइलवर रोज काहीतरी येतं: पितळेत शिजवा, स्टील टाका, जर्मन टाका. आजीच्या काळी माणसं धडधाकट होती ती पितळेमुळेच, असंही सांगतात. याचं उत्तर आपल्याच चुलीच्या इतिहासात आहे. म्हणून आज आपण तो इतिहास बघू.

आपल्या भागातली जुनी स्वयंपाकघरं आठवा. ज्वारीच्या भाकरीला लोखंडी तवा, पीठ मळायला लाकडी काटवट, दह्याला मातीचं गाडगं, पाण्याला तांब्याचा हंडा आणि बाकी सगळं पितळी. लग्नात लेकीला पातेली, परात, कळशी द्यायची आणि त्यावर नाव घालून घ्यायचं. ती भांडी म्हणजे बाईची ठेव असे. पितळ वजनावर विकलं जातं, गहाण पडतं. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी अशी ठेवच घर तारून नेई.

पण पितळेला एक अट होती, ती म्हणजे कल्हई. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात आंबट पदार्थ ठेवला तर धातू अन्नात उतरतो. आपल्या बायकांना हे शाळेत न जाता ठाऊक होतं. त्यांनी त्याला शब्दही दिला, कळकणं. ताक कळकलं, आमटी कळकली. म्हणून कल्हईवाला आला की भांडी बाहेर निघत. तो भाता मारून भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचा. पिवळं भांडं चांदीसारखं पांढरं व्हायचं. तो कथलाचा पातळ थर अन्न आणि पितळ यांच्या मध्ये उभा राहायचा.

आंबट पदार्थ कळकला की जिभेला समजतं. दुधाचं तसं नाही. दूध आंबट नाही, म्हणून त्याचा संशय येत नाही. इथेच घात झाला.

आपल्या देशात लहान मुलांना लिव्हरचा एक आजार व्हायचा. १८८७ साली कलकत्त्यात त्याची पहिली नोंद झाली. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांची असत. पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं कडक व्हायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरातली भावंडंही जात, म्हणून आजार रक्तातूनच येत असावा असा तर्क होता. पुढे तपासणीत दिसलं की या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड साठलेलं असतं. ते येतं कुठून?

याचा शोध आपल्या महाराष्ट्रात लागला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केलं. त्यांनी आयांना विचारलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं, कशात ठेवलं? आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. दुधातली प्रथिनं तांबं घट्ट धरून ठेवतात. तान्ह्या बाळाचं लिव्हर ते बाहेर टाकू शकत नाही. १९८३ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. काही मुलांच्या अंगातच तांबं साठण्याचा कल असावा, असंही जाणकार मानतात. पण बाळाचं दूध पितळेतून निघालं, घरात स्टील आलं, तसा हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. युरोपातल्या ऑस्ट्रिया देशाच्या डोंगराळ टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अशाच आजारानं गेली. तिथंही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवत. भांडी बदलली आणि आजार गेला.

आता उरलेल्या भांड्यांचं बघू. अॅल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मन, हलकं आणि स्वस्त. त्याची भांडी १८९८ च्या सुमारास मद्रासमध्ये बनू लागली. स्टेनलेस स्टीलचा शोध इंग्लंडमध्ये १९१३ साली लागला. पुढे बोहारणीकडून जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी घरी आली, पितळ मोडीत गेलं. स्टीलला कल्हई लागत नाही, आंबट चालतं, म्हणून रोजच्या वापराला ते सोयीचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलंय की चटणी, सांबार असे आंबट पदार्थ अॅल्युमिनियम, लोखंड किंवा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत साठवू नयेत. आपल्या चिंचेच्या आमटीला आणि ताकालाही हेच लागू. लोखंडी कढईत भाजी जरूर करा, थोडं लोह पोटात जातं. मात्र झाली की लगेच स्टीलमध्ये काढा. त्यावर विसंबून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, खरवडला गेला की काढून टाका. केक-ढोकळ्याला अॅल्युमिनियमचं भांडं चालतं, पण लिंबू-दह्याचं पीठ त्यात आंबवत ठेवू नका.

आणि पितळ? आईनं दिलेलं नाव घातलेलं पातेलं मोडीत घालू नका. आतून पिवळं दिसायला लागलं की आधी कल्हई करून घ्या, मग वापरा. कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. शिशाची भेसळ स्वस्त पडते, पण शिसं विषारी आहे. गावात कल्हईवाला येत नसेल तर गटानं मिळून एक दिवस ठरवून बोलवा, सगळ्यांची भांडी एकदम होतील. कल्हई होईपर्यंत ते पातेलं फडताळात शोभेला राहू द्या.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं दूध द्याल ते स्टीलच्या भांड्यात तापवा आणि स्टीलमध्येच ठेवा. घरात नवी सून, लेक बाळंतीण असेल तर तिला आणि तिच्या सासूलाही हे आजच सांगा.