चोपदाराचा दंड

ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका आळंदीहून पालखीतून पंढरीस नेण्याच्या सोहळ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे शिस्तबद्ध रूप आले, त्याचे श्रेय साताऱ्याकडील आरफळच्या हैबतबाबांचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या पुरुषाने कूच-मुक्कामाचा लष्करी शिरस्ता भक्तिमार्गावर आणला, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू आदी सरंजामाची तजवीज झाली.

सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या या वाटेवर जो अफाट जनसमुदाय चालतो, त्यात चुकलेल्या माणसास स्वतःच्या बळावर आपले ठिकाण गाठता यावे, हे या व्यवस्थेचे सामर्थ्य मला सर्वांत थोर वाटते. पडशीत वाटेपुरता शिधा, खांद्यावर घोंगडी, हाती तांब्या ही झाली देहाची तरतूद; परंतु खरी शिदोरी स्मरणात असे. प्रत्येक दिंडीस क्रमांक आणि पालखीच्या रथापुढे वा रथामागे नेमलेली जागा असल्यामुळे, ‘रथामागे अमुक’ एवढे मुखोद्गत असलेली निरक्षर वृद्धाही कोणास विचारीत आपल्या माणसांत येऊन मिळे. पहाटे कर्णा वाजला की आवरावे आणि अखेरचा कर्णा होण्यापूर्वी आपल्या जागी उभे राहावे, हे कोणास सांगावे लागत नसे.

सायंकाळी मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही फिर्याद असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जाऊन दाद देतो, मग हरवल्या-सापडल्याची वर्दी सर्वांस ऐकवली जाते. तारायंत्र वा दूरध्वनी यांवाचून एवढ्या लोकसमूहाचा कारभार इतक्या निगुतीने चालविणारी व्यवस्था आपल्या प्रांती दुसरी मला ठाऊक नाही.

आता वारकऱ्याच्या खिशात मोबाइल आहे. घरी राहिलेल्या लेकीसुनांस आईबापांची खुशाली रोज कळते, हे मोठेच सुख होय. परंतु त्याच्या भरवशावर दिंडीचा क्रमांक ध्यानात ठेवण्याचा आळस होऊ लागला आहे. आणि ऐन गर्दीत रेंज गेली, पावसात बॅटरी उतरली, म्हणजे पोटच्या मुलाचा नंबरदेखील आठवत नाही, अशी कित्येकांची अवस्था होते. दिंडीचालकांस माझी आग्रहाची विनंती आहे की, नव्या वारकऱ्याचे नाव वहीत लिहिण्यापूर्वी दिंडीचा क्रमांक, पुढील मुक्काम आणि घरच्या एका माणसाचा नंबर त्याच्याकडून तोंडपाठ म्हणून घ्यावा.